घरी फ्राइड पिकल्स: खर्च किती, वेळ किती, पैसे कुठे गळतात

चार जणांसाठी फ्राइड पिकल्स आणि सोबतचं हर्ब डिप घरी करायला साधारण 390 रुपयांचं सामान लागतं. वेळ तासाभराचा, डिपचं दही निथळायचे दोन तास वेगळे. पण पहिल्यांदा कराल तेव्हा दुकानात 700 ते 750 रुपये मोजावे लागतील, कारण मेयोनीज, लसूण पावडर, मक्याचं पीठ पुडीभर मिळत नाही, पूर्ण पाकीट घ्यावं लागतं. हे आधीच माहीत असू द्या. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: या पदार्थात पैसेही पाण्यात जातात आणि पदार्थही पाण्यानेच बिघडतो. बाटलीतलं पाणी ओळखता आलं आणि चकतीतलं पाणी काढता आलं, की बाकी काम सोपं आहे.

पदार्थ अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातला. अ‍ॅटकिन्स गावात बर्नेल ऑस्टिन यांनी 1963 मध्ये त्यांच्या डचेस ड्राइव्ह-इनमध्ये तो विकायला घेतला, 15 सेंटला 15 चकत्या. माणशी 15 चकत्या हे माप आजही बरोबर बसतं. पुढचा सगळा हिशेब त्याच मापाने, म्हणजे चार जणांना 60 चकत्या धरून केला आहे. भाव पुण्या-मुंबईतले आणि ढोबळ आहेत. तुमच्या दुकानात थोडं इकडेतिकडे होईल.

बाटली कोणती घ्यायची

लागतात त्या व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या गर्किनच्या चकत्या. आपलं तेलातलं लोणचं इथे चालत नाही. तळताना त्यातला मसाला करपतो. मोठ्या किराणा दुकानात सॉस आणि ऑलिव्हच्या फळीवर बाटल्या मिळतील. शेजारीच हालापेन्यो मिरचीच्या चकत्यांची तशीच बाटली असते. घाईत ती उचलू नका.

उचलण्याआधी लेबलवर चार गोष्टी बघा.

एक, निथळलेलं वजन. बाटलीवर दोन वजनं असतात. नेट वेट म्हणजे पाण्यासकट, ड्रेन्ड वेट म्हणजे पाणी काढून उरलेलं. तुम्ही खाणार ते दुसरं. उदाहरण घ्या. एक बाटली 240 रुपयांची, नेट 680 ग्रॅम, निथळून 340. दुसरी 180 रुपयांची, नेट 480, निथळून 270. नेट वजनाने पहिली स्वस्त दिसते: किलोला 353 रुपये, दुसरीला 375. निथळलेल्या वजनाने हिशेब उलटतो: पहिली किलोला 706, दुसरी 667. मोठी बाटली नेहमी स्वस्त पडते असं धरून चालू नका. फोनवर भागाकार करा, मग पैसे द्या.

दोन, साखर. घटकांच्या यादीत साखर पहिल्या तीन-चारांत असेल तर ती बाटली सँडविचसाठी ठीक, तळायला नाही. गोड चकती आतून गरम होण्याआधीच बाहेरून काळपट होते. यादीत शेपू, लसूण, मोहरी असेल तर उत्तम.

तीन, काप. आडव्या, जाड, शक्यतो नागमोडी चकत्या घ्या. खाचांमध्ये पीठ धरून राहतं. जाडी अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास हवी. कागदासारखी पातळ चकती तळल्यावर नुसतं पीठच लागतं. उभ्या फोडी पहिल्या खेपेला टाळा, त्यांत पाणी फार असतं.

चार, 14 आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि वापरण्याची अंतिम तारीख. आयात बाटली असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि रुपयांतली एमआरपी छापलेली किंवा चिकटवलेली हवी. नसेल तर ती बाटली परत फळीवर ठेवा.

परदेशी बाटलीसाठी दुप्पट पैसे देण्याचं कारण नाही. गर्किन निर्यातीत भारत जगात पहिला आहे, आणि या पिकाची मोठी लागवड कर्नाटकात होते. देशी बाटलीत बसवण्यासारखा माल आपल्याकडेच पिकतो.

आणखी स्वस्त हवं असेल तर

बाटली घरीच भरा. अर्धा किलो कोवळी, घट्ट, लहान बियांची काकडी घ्या. चकत्यांना मीठ लावून तासभर चाळणीत ठेवा आणि सुटलेलं पाणी फेका. एक वाटी पाणी, एक वाटी पांढरं व्हिनेगर, दीड चमचा मीठ उकळा. त्यात ठेचलेला लसूण आणि शेपूच्या चार काड्या टाका, गार झाल्यावर चकत्यांवर ओता. फ्रिजमध्ये दोन दिवस मुरू द्या. खर्च 60 ते 70 रुपये, म्हणजे चार जणांचा एकूण हिशेब 220 वर येतो. अट एकच: हे फ्रिजमध्येच ठेवायचं आणि आठवड्यात संपवायचं. आपल्याकडच्या साध्या व्हिनेगरमध्ये आम्ल कमी असतं. घरात भरलेली बाटली फळीवर महिनोनमहिने टिकत नाही.

हिशेब

प्रत्यक्ष वापरलेल्या मालाचा, चार जणांचा: गर्किनची बाटली 240 रुपये. मैदा दीडशे ग्रॅम, 8. पिवळं मक्याचं पीठ शंभर ग्रॅम, 8. ताक, 10. मिरपूड, लाल तिखट, लसूण पावडर, 10. पोटात आणि झाऱ्यावर गेलेलं तेल सुमारे शंभर मिलिलिटर, 20. गॅस, 6. डिपसाठी दही 30, मेयोनीज 25, शेपू आणि कांद्याची पात 30. एकूण 387.

आता न दिसणारा खर्च. कढईत तेल शंभर नव्हे, सहाशे मिलिलिटर ओतावं लागतं. तळून झाल्यावर ते सगळं फेकलंत तर तेलाचा खर्च 20 वरून 120 रुपयांवर जातो. गार झाल्यावर कापडातून गाळा, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवडाभरात फोडणीला संपवा. त्याला शेपू-लसणाचा हलका वास राहतो. आमटी-उसळीत तो खपतो, शिऱ्यात नाही. तेल काळं पडलं, चिकट झालं किंवा तापताच धूर येऊ लागला तर टाकून द्या. मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो आणि प्लंबरचं बिल तेलापेक्षा मोठं येतं. जुन्या बाटलीत भरून घट्ट झाकण लावा आणि कचऱ्यात द्या.

दुसरा खर्च घरपोच मागवण्याचा. अॅपवर शेपूची एक जुडी आणि दह्याचं एक पाकीट मागवलंत की हाताळणी शुल्क, लहान ऑर्डरचं शुल्क आणि डिलिव्हरी मिळून जुडीपेक्षा जास्त पैसे जातात. पालेभाजी मंडईतूनच आणा आणि बाकी सामान महिन्याच्या किराण्यात घाला.

पहिल्या वेळी घेऊ नयेत अशा गोष्टी: जपानी ब्रेडक्रम्ब, तयार रँच मसाल्याचं पाकीट, तळणीचा थर्मामीटर. तिन्हींवाचून काम होतं.

आधी डिप

डिप अर्धा तास मुरावं लागतं, म्हणून सुरुवात तिथून. चारशे ग्रॅम दह्यातलं तीनशे ग्रॅम मलमलच्या कापडात बांधून दोन तास टांगा, आदल्या रात्री फ्रिजमध्ये निथळत ठेवलं तर उत्तम. उरलेल्या शंभर ग्रॅमचं दाट ताक करा. चक्का दीडशे ग्रॅमच्या आसपास मिळेल. त्यात चार चमचे मेयोनीज, दोन चमचे ताक, बारीक चिरलेला शेपू एक चमचा, कांद्याची हिरवी पात एक चमचा, लसूण पावडर अर्धा छोटा चमचा आणि मिरपूड घाला. मीठ घालू नका. त्याऐवजी गर्किनच्या बाटलीतलं पाणी एक चमचा घाला. मीठ आणि आंबटपणा दोन्ही त्यातून येतात.

अमेरिकी पाककृतीत शेपूचं माप दुप्पट असेल. आपला शेपू वासाला तिखट असतो, तिथलं माप जसंच्या तसं घेतलंत तर डिपला दुसरी चवच उरत नाही. जाड देठ काढा, फक्त कोवळी पानं घ्या. पार्सली महाग मिळते आणि या मिश्रणात तिची उणीव जाणवत नाही.

मेयोनीज बंद बाटलीतलं घ्या. कच्चं अंडं फेटून घरी करू नका. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणाने 2024 मध्ये आणि तमिळनाडूने 2025 मध्ये वर्षभराची बंदी घातली, ती विषबाधेच्या भीतीपोटीच. डिप बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फ्रिजमध्ये तीन दिवस चांगलं राहतं.

चकत्या कोरड्या करा

हे काम टाळलंत तर बाकी सगळं वाया. चकत्या चाळणीत वीस मिनिटं निथळू द्या. मग स्वच्छ सुती पंच्यावर एकेक पसरा, वरून दुसरा पंचा टाका आणि तळहाताने दाबा. चकतीच्या मधला बियांचा मऊ भाग सर्वांत जास्त पाणी धरून असतो. दाब तिथे द्या. कापडावर फिकट हिरवे गोल उमटतील. कोरडी बाजू धरून पुन्हा दाबा. गोल उमटायचे थांबले की चकत्या तयार. ओली चकती तेलात गेली तर तीन नुकसानं होतात: तेल अंगावर उडतं, पीठ सुटून तळाशी बसतं आणि तेच पीठ करपून पुढचा घाणा कडू करतं.

आवरण दोन ताटल्यांत आणि एका वाटीत. पहिल्या ताटलीत नुसता मैदा, 50 ग्रॅम. वाटीत दाट ताक. दुसऱ्या ताटलीत उरलेला शंभर ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम मक्याचं पीठ, मिरपूड, तिखट, लसूण पावडर. मक्याचं पीठ पिवळं आणि किंचित रवाळ हवं. सूप दाट करायला वापरतो ते पांढरं कॉर्नफ्लोअर नव्हे. इथेही मीठ नाही. चकती मैद्यात घोळवा, जास्तीचा झटका, ताकात बुडवा, मग मक्याच्या मिश्रणात दाबून घ्या. ताकाला एक हात आणि पिठाला दुसरा वापरा, नाहीतर बोटांवरच गोळे तयार होतात. सगळ्या चकत्या ताटात दहा मिनिटं तशाच राहू द्या. एवढ्या वेळात पीठ ओल धरतं आणि तळताना सुटत नाही.

तळणी

खोल, जाड बुडाची कढई घ्या. तेल शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं. कढई अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. तापमान 180 ते 190 अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर पिठाचा ओला कण टाका: तळाशी बसला तर तेल गार आहे, लगेच फसफसत वर आला तर बरोबर, वर येताच तपकिरी झाला तर गॅस कमी करा.

एका वेळी 15 चकत्या, म्हणजे चार घाणे. प्रत्येकाला दोन ते तीन मिनिटं. सुरुवातीला तेल जोरात तडतडेल. तो आवाज मंदावला आणि बुडबुडे विरळ झाले की आतली वाफ निघून गेली असं समजा आणि सोनेरी रंगावर काढा. दोन घाण्यांमध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबून तेल पुन्हा तापू द्या. वर आलेले पिठाचे कण प्रत्येक वेळी झाऱ्याने काढा. चकत्या तारेच्या जाळीवर ठेवा. कागदावर ढीग लावलात तर खालच्या वाफेने मऊ पडतात.

तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही टाकू नका. गॅस बंद करा, धातूचं झाकण ठेवा, कढई हलवू नका.

कोणते शॉर्टकट चालतात

बेसन चालतं, पण चव भज्यांकडे जाते. आवरण जास्त कुरकुरीत हवं असेल तर मक्याच्या मिश्रणात दोन चमचे तांदळाचं पीठ घाला. सोडा नको, तेल जास्त प्यायलं जातं. एअर फ्रायरमध्ये ताकाचं ओलं आवरण ओघळतं. तिथे शेवटचा थर कोरड्या ब्रेडक्रम्बचा द्या, तेलाचा हात फिरवा आणि 200 अंशांवर आठ ते दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. तेल वाचतं, पण एका वेळी थोड्याच चकत्या मावतात, चार जणांसाठी वेळ वाढतो. आदल्या दिवशी तळून ठेवणं हा शॉर्टकट चालत नाही. आवरण लोळागोळा होतं.

अमेरिकेत असाल तर

सामान शोधावं लागणार नाही: डिल पिकल चिप्स, कॉर्नमील, बटरमिल्क एकाच दुकानात मिळतात, चक्क्याऐवजी ग्रीक योगर्ट किंवा सावर क्रीम. फ्रिजच्या कपाटातली बाटली घ्या, ती जास्त करकरीत असते. तिथे बाटलीवर द्रव औंस लिहिलेले असतात, चकत्यांचं वजन नाही. पोषण तक्त्यात एका सर्व्हिंगचे ग्रॅम आणि सर्व्हिंगची संख्या यांचा गुणाकार करा, खरं वजन कळेल. तळण्याआधी एक्झॉस्ट लावा आणि खिडकी उघडा; धुराचा अलार्म लगेच वाजतो.

कुणी जपून खावं

मुरवलेल्या गर्किनमध्ये शंभर ग्रॅममागे साधारण 800 मिलिग्रॅम सोडियम असतं. 15 चकत्यांत दिवसाच्या शिफारस केलेल्या मर्यादेचा तिसरा हिस्सा जातो, आवरण आणि डिप वेगळं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर चार-पाच चकत्यांवर थांबा. मुलांना ताटली देण्याआधी दोन मिनिटं थांबा. बाहेरून कोमट लागणाऱ्या चकतीच्या आत उकळतं पाणी असतं.

पहिल्यांदा करताना अर्धीच बाटली काढा. उरलेल्या चकत्या त्याच पाण्यात बुडालेल्या ठेवून बाटली फ्रिजमध्ये ठेवा. पहिल्या घाण्यात फक्त तीन चकत्या टाका. पीठ सुटलं तर उरलेल्या चकत्या आणखी कोरड्या करायला तुमच्याकडे वेळही असेल आणि मालही.