कॅन्यन धरणाखालचा ट्राउट: परवाना कुठला, पैसे किती, उभे कुठे राहायचे

ऑस्टिन किंवा सॅन अँटोनियोत राहत असाल, तर ट्राउटसाठी कोलोरॅडोची विमानाची तिकिटे काढू नका. कॅन्यन लेकच्या धरणातून तळाचे गार पाणी ग्वाडालूप नदीत सुटते आणि सॅटलर ते न्यू ब्राउनफेल्स या पट्ट्यात हिवाळाभर ट्राउट लागतो. ऑस्टिनहून गाडीने सव्वा तास, सॅन अँटोनियोहून त्याहून थोडा कमी, ह्यूस्टनहून तीन तास. मुक्कामाची गरज नाही.

हंगाम नोव्हेंबरअखेरीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. मासा इथला नाही. टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ खाते तो टँकरने आणते आणि नदीत सोडते. सोडण्याच्या तारखा व ठिकाणे खात्याच्या संकेतस्थळावर आधीच लागतात. त्या बघूनच सुट्टी टाका. मासे सोडल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत नवख्यालाही दोन-तीन मिळतात, पंधरा दिवसांनी तोच डोह रिकामा वाटतो. बहुतेक मासे वीतभर ते फूटभर असतात.

आता परवाना. सतरा वर्षांखालील मुलांना लागत नाही. बाकी जवळजवळ सगळ्यांना लागतो, आणि 'मी फक्त सोबत आलोय' हे गळ हातात नसेपर्यंतच खरे. फोटोपुरता बाबांच्या हाती रॉड दिला आणि दोरी पाण्यात असली, तर ते मासेमारी करत आहेत असाच अर्थ होतो. विनापरवाना सापडलात तर दंड 25 ते 500 डॉलर. रकमेपेक्षा कटकट मोठी: व्हिसावर असणाऱ्याला ही असली नोंद कशाला हवी?

टेक्ससच्या रहिवाशाला एका दिवसाचा परवाना 11 डॉलर, वर्षाचे गोड्या पाण्याचे पॅकेज 30 डॉलर. म्हणजे हंगामात तीनदा जाणार असाल तर वर्षाचाच घ्या. पण खरेदीची तारीख सांभाळा: हे वर्ष 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट असे मोजतात. फेब्रुवारीत घेतलेला 'वार्षिक' परवाना ऑगस्टअखेर संपतो. खरेदीपासून पूर्ण वर्ष चालणारा परवाना वेगळा, तो 47 डॉलरचा, आणि त्यात समुद्रही येतो. गॅल्व्हेस्टनला जाणार नसाल तर त्याच्या नादी लागू नका. ऑनलाइन किंवा फोनवरून घेतल्यास वर 5 डॉलर शुल्क पडते. वॉलमार्ट किंवा अकॅडमीच्या काउंटरवर ते वाचते. दर बदलतात, पैसे भरण्याआधी एकदा बघून घ्या.

रहिवासी कोण? अर्ज करण्याआधी सलग सहा महिन्यांहून अधिक काळ टेक्ससमध्ये राहिलेला. नुकतेच न्यू जर्सीहून बदली होऊन आला असाल तर तुम्ही बाहेरचे. भारतातून आलेले आई-बाबाही बाहेरचे, आणि इथेच लोक चुकतात. 65 वर्षांवरील ज्येष्ठांचे 12 डॉलरचे पॅकेज फक्त रहिवाशांसाठी आहे. बाबांचे वय सत्तर असले तरी ते त्यांना लागू नाही. त्यांच्यासाठी एका दिवसाचा 16 डॉलरचा परवाना, किंवा वर्षाचा 58 चा. चार दिवस जाणार असतील तरच वर्षाचा परवडतो.

कागदपत्रे थोडी. तुम्हाला ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचे ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक. पाहुण्यांना पासपोर्ट. त्यांचा परवाना काउंटरवर समोर बसून काढलेला बरा, ऑनलाइन अर्ज मध्येच अडकतो. नदीवर परवान्याबरोबर फोटो असलेले ओळखपत्रही जवळ ठेवा. परवान्याची प्रत खात्याच्या 'आउटडोर ॲन्युअल' ॲपमध्ये दिसते, पण ती घरूनच उघडून ठेवा. नदीकाठी बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते.

इथपर्यंत सोपे आहे. खरा घोळ उभे कुठे राहायचे याचा, कारण नियमही जागेप्रमाणे बदलतात आणि पैसेही.

नदीचे तीन भाग ध्यानात ठेवा. पहिला: धरणाच्या विसर्गापासून 800 यार्ड सोडून पुढे, एफएम 306 रस्त्याच्या सर्वांत पूर्वेकडच्या पुलापर्यंत. इथे 12 ते 18 इंचांमधला ट्राउट परत सोडायचा. त्याहून लहान चालतो, मोठाही चालतो. दिवसाला एकूण पाच, त्यांत 18 इंच किंवा त्याहून मोठा एकच. दुसरा: त्या पुलापासून खाली, रिव्हर रोडवरच्या दुसऱ्या पुलापर्यंत. इथे दिवसाला एकच मासा, तोही किमान 18 इंचांचा. या दोन्ही भागांत फक्त कृत्रिम आमिष: पाते फिरणारे स्पिनर, फ्लाय वगैरे. गांडूळ, मक्याचे दाणे, डबीतले पीठ चालणार नाही. तिसरा: दुसऱ्या पुलाच्या खाली राज्यभराचा साधा नियम, म्हणजे पाच मासे, लांबीची अट नाही, आमिष कोणतेही.

मुलांना घेऊन जाताय आणि रात्री रवा लावून तळलेला मासा ताटात हवाय? मग तिसऱ्या भागात जा. वरचा भाग देखणा आहे, पण तिथून बहुधा रिकाम्या हाताने परताल. मोजपट्टी खिशात ठेवा. खात्याच्या वॉर्डनकडे ती असतेच.

पात्र सार्वजनिक, काठ खासगी. टेक्ससमध्ये एवढे एक वाक्य कळले तरी निम्मे भांडण टळते. पाण्यातून चालत तुम्ही जाऊ शकता, पण पाण्यापर्यंत पोहोचायला कुणाच्या तरी जमिनीवरून जावे लागते. झाडावर किंवा खांबावर जांभळा रंग फासलेला दिसला तर ती 'आत येऊ नका' अशी कायदेशीर खूण आहे. पाटी नाही म्हणून आत शिरू नका. रिव्हर रोडच्या कडेला गाडी लावून उतरणे हा सगळ्यांना सुचणारा शॉर्टकट, आणि गाडी उचलून नेली जाण्याचा सगळ्यांत सोपा मार्गही तोच. टोइंगचे बिल दोघांच्या वर्षभराच्या परवान्यांहून मोठे होते.

मग जायचे कुठून? धरणाच्या पायथ्याशी आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचे ग्वाडालूप पार्क आहे, तिथून काठावर पोहोचता येते. खालच्या बाजूला खासगी कॅम्प आणि राफ्टवाल्यांच्या जागा आहेत. ते माणशी किंवा गाडीमागे दिवसाचे पैसे घेतात, साधारण 10 ते 20 डॉलर धरून चाला. विचारायचे प्रश्न तीन: पैसे माणशी की गाडीमागे? मासे न धरणाऱ्यांचेही घेता का? हिवाळ्यात मधल्या वारी उघडे असता का? शेवटचा प्रश्न फोनवरच विचारा, कारण उन्हाळ्यात ट्यूबवाल्यांनी गजबजलेल्या कित्येक जागा जानेवारीच्या मंगळवारी कुलूपबंद असतात. रोख जवळ असू द्या.

तिसरा पर्याय ट्राउट अनलिमिटेड या संस्थेच्या ग्वाडालूप शाखेचा. ती काही खासगी काठ हंगामापुरते भाड्याने घेते आणि तिथे स्वतः मोठे मासे सोडते. त्यासाठी संस्थेचे सभासदत्व वेगळे आणि प्रवेशाचे पैसे वेगळे, जागाही मर्यादित. वर्षातून दोनदा जाणाऱ्याने यात पडू नये. दर शनिवारी जाणाऱ्याला मात्र हेच स्वस्त पडते.

सामानावर उधळू नका. साधा रॉड-रीलचा संच 30 ते 50 डॉलरला मिळतो आणि ट्राउटला पुरतो. स्पिनर चार-पाच न्या, त्यांतले दोन खडकात अडकून जाणारच. एकदाच बघायचे असेल तर तेही विकत घेऊ नका: खात्याच्या योजनेत अनेक स्टेट पार्कांतून रॉड आणि सामान सात दिवसांपर्यंत फुकट उसने मिळते. खर्च करायचाच तर छातीपर्यंतच्या वेडरवर (पाणी न शिरणाऱ्या पँटवर) करा, आणि कमरेला पट्टा घट्ट बांधा. पाय घसरला तर तो पट्टा आत पाणी भरू देत नाही. बाहेर ऊन असले तरी हे तळाचे पाणी आहे. जीन्सवर उतरलात तर अर्ध्या तासात पाय बधिर होतील.

उतरण्याआधी विसर्ग बघा. खडकवासल्याच्या बातम्या ऐकत मोठे झालेल्यांना क्युसेक समजावून सांगायला नको. सॅटलरच्या मोजणी केंद्राचा ताजा आकडा यूएसजीएसच्या संकेतस्थळावर असतो. शंभर-दीडशेला आरामात चालता येते, तीनशेपुढे नवख्याने काठच धरावा. दुष्काळी वर्षांत पाणी याच्याही खाली जाते. मग मासे थोड्याच खोल डोहांत गोळा होतात आणि गर्दीही तिथेच होते.

गाइड हवा असेल तर दोघांना नावेतून अर्ध्या दिवसाचे साधारण 400 ते 600 डॉलर. त्यात सामान बहुधा येते, परवाना बहुधा येत नाही, आणि 15-20 टक्के टिप कुणी आधी सांगत नाही पण अपेक्षित असते. पाणी वाढल्यामुळे फेरी रद्द झाली तर आगाऊ रक्कम परत की पुढची तारीख, हे लेखी घ्या. भाड्याची गाडी असेल तर 130 नंबरचा टोल रस्ता टाळा. टोलपेक्षा गाडी कंपनीचे 'सेवा शुल्क' जास्त लागते.

सगळ्यांत स्वस्त वाट मात्र ग्वाडालूपवर नाहीच. स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून गळ टाकायला परवाना लागत नाही. ब्लँको स्टेट पार्कमध्ये खाते हिवाळ्यात ट्राउट सोडते. प्रवेश मोठ्यांना 5 डॉलर, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. भारतातून आलेल्या आई-बाबांचे 32 डॉलर इथे वाचतात. दिवसाला पाच माशांची मर्यादा तिथेही आहे. शनिवार-रविवारी आधी ऑनलाइन जागा राखून ठेवा, पार्क भरले की फाटकावरून परत पाठवतात.

मासे घरी नेणार असाल तर बर्फ न्या आणि नदीवर डोके-शेपूट कापू नका, लांबी मोजता आली पाहिजे. बांगड्याचा मसाला या माशाला फार होतो. हळद, मीठ, लिंबू आणि वर रवा बस. कयाक नेली असेल तर निघण्याआधी तिच्यातले सगळे पाणी काढा: कॅन्यन लेकमध्ये 2017 पासून झीब्रा शिंपले आहेत आणि पाणी न काढता नाव रस्त्यावर आणली तर त्याचा दंड वेगळा.