लस आणि लोकविश्वास

(साथीच्या रोगावर लस शोधणे कठीण असते. ती घेण्यास लोक तयार होणे हेही तितकेच कठीण असते. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा काय घडले, ते या पाठात सांगितले आहे.)

सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यातील गोष्ट. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना काही रोगी आढळले. अंगात सणसणून ताप आणि जांघेत किंवा काखेत गाठ. हा प्लेग आहे, हे डॉक्टरांनी ओळखले. पाहता पाहता साथ शहरभर पसरली. लाखो लोक मुंबई सोडून गेले.

इंग्रज सरकारने कडक उपाय योजले. रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवण्यात येऊ लागले. ‘तेथे गेलेला माणूस परत येत नाही,’ अशी लोकांची समजूत झाली. ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडवरील रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. पुण्यात तर गोरे सोजीर घरात शिरून झडती घेत. त्यामुळे असंतोष भडकला आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. 

याच काळात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक शास्त्रज्ञ रात्रंदिवस काम करत होता. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. ओडेसा येथे जन्मलेल्या हाफकिन यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केले होते आणि कॉलऱ्यावरील लस तयार केली होती. त्यांनी प्लेगचे जंतू प्रयोगशाळेत वाढवले आणि उष्णता देऊन मारले. मेलेले जंतू रोग उत्पन्न करू शकत नाहीत. परंतु त्यांच्यामुळे शरीराला शत्रूची ओळख होते आणि प्रतिकाराची तयारी होते. हेच त्या लशीचे तत्त्व होते.

पण ती प्रथम टोचून घेणार कोण? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली. पण थोड्याच दिवसांत ते बरे झाले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा सुमारे निम्म्या कैद्यांनी आपणहून लस घेतली. लस घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला. पण कोणीही दगावले नाही. न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले व ६ मरण पावले. लस प्रत्येकाला रोगापासून वाचवीलच असे नाही. परंतु धोका पुष्कळ कमी करते, हे यावरून दिसले.

तरीही बाहेर अफवांना ऊत आला होता. ‘सुई हातभर लांब असते’, ‘टोचल्यावर माणूस जागीच मरतो’, असे लोक बोलत. अशा वेळी खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली. ते पाहून त्यांच्या समाजातील हजारो लोक पुढे आले.

पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. दोष हाफकिन यांच्यावर आला व त्यांना पदावरून दूर करण्यात आले. परंतु बाटली गावात उघडताना अस्वच्छता झाली असावी, असे पुराव्यांवरून दिसले. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली आणि १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले.

शंका आणि भीती ही केवळ आपल्या देशात किंवा जुन्या काळातच दिसते, असे नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात १८८५ साली देवीच्या लशीविरुद्ध दंगल झाली. त्याच देशाच्या पश्चिम टोकाला बर्नाबी हे शहर आहे. ते ज्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आहे, तेथे कोविडच्या साथीत, सप्टेंबर २०२१ पासून, उपाहारगृहात किंवा चित्रपटगृहात जाण्यासाठी लस घेतल्याचा दाखला दाखवावा लागे. काहींना ही सक्ती वाटली व त्यांनी निदर्शने केली. तरी प्रांतातील बहुसंख्य लोकांनी लस घेतली.

शंका विचारणे हा अपराध नव्हे. मात्र शंकेचे उत्तर अफवेत न शोधता पुराव्यात शोधावे. जाणकारांनीही धाक न घालता, लशीचे फायदे व त्रास दोन्ही मोकळेपणाने सांगावेत. लोकांचा विश्वास मिळतो, तेव्हाच लस बाटलीतून माणसांपर्यंत पोहोचते.

शब्दार्थ : सोजीर – गोरा शिपाई. दगावणे – मरण पावणे. ऊत येणे – अतिशय वाढणे. ठपका – दोषारोप.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुंबईतील प्लेग प्रथम कोणी ओळखला?
(आ) हाफकिन यांनी लस प्रथम कोणाला टोचली?

२. कारणे लिहा.
(अ) गिरणी कामगार रुग्णालयावर चालून गेले.
(आ) खोजा समाजातील हजारो लोक लस घेण्यास पुढे आले.

३. भायखळ्याच्या तुरुंगातील प्रयोगावरून काय दिसून आले, ते तुमच्या शब्दांत लिहा.

४. उपक्रम : कोविडची लस घेताना घरातील मोठ्या माणसांना कोणत्या शंका आल्या होत्या, ते विचारून टिपण तयार करा.