आवाज आपला, कान सर्वांचे

(मोटारसायकलचा सायलेन्सर काय काम करतो, तो बदलताना कोणती काळजी घ्यावी आणि आपल्या गाडीच्या आवाजाचा दुसऱ्यांशी काय संबंध असतो, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, 'आवाज' हा शब्द तुम्हांला वेगळा शिकवावा लागत नाही. तो फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. तुम्ही ज्याला 'शोर' म्हणता, त्याला मात्र मराठीत 'गोंगाट' म्हणतात. आवाज आणि गोंगाट यांतला फरक मला एका म्हाताऱ्या बाईने समजावून दिला.

तेव्हा मी कॉलेजात शिकत होतो. माझ्याजवळ एक जुनी मोटारसायकल होती. मित्रांच्या गाड्या मोठा आवाज करत. माझीही गाडी तशीच वाजावी, असे मला वाटे. मी गॅरेजमध्ये गेलो आणि म्हणालो, "चाचा, सायलेन्सरची जाळी काढून टाका." मिस्त्री हसले. म्हणाले, "बेटा, आवाज वाढेल, ताकद वाढणार नाही." मी ऐकले नाही. जाळी काढून घेतली.

एप्रिल महिना होता. मी भल्या पहाटे चंद्रपूरहून मूलकडे निघालो. हा रस्ता जंगलातून जातो. त्याच्या उत्तरेला ताडोबा-अंधारीचे वाघांचे जंगल आहे. या दिवसांत गावोगावच्या बाया पहाटेच मोहफुले वेचायला जातात. एका वळणावर टोपली घेतलेल्या एका म्हातारीने हात करून मला थांबवले. ती रागावली नव्हती. शांतपणे म्हणाली, "बाबू, तुझ्या गाडीच्या आवाजात मले वांदराची हाक ऐकूच नाही आली. माही सून तिकडं झाडाखाली वाकून फुलं वेचते."

मी खाली मान घातली. वाघ दिसला की वानर आणि चितळ ओरडून इशारा देतात. मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करणारी माणसे तो इशारा ऐकून सावध होतात. वाकून काम करणाऱ्या माणसाचे डोळे जमिनीवर असतात. म्हणून त्याचे कान हेच त्याचे राखणदार. माझ्या गाडीने ते राखणदारच बहिरे केले होते. सुदैवाने त्या दिवशी काही वाईट घडले नाही. पण चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत वाघाच्या हल्ल्यात दरवर्षी माणसे मरतात. गडचिरोलीच्या जंगलात तर २०२१ पासून रानटी हत्तीही आले आहेत. तेथे कान उघडे ठेवणे किती गरजेचे आहे, ते तुम्हीच सांगा.

आता सायलेन्सरचे काम पाहू. इंजिनात पेट्रोल जळते. त्याचा तापलेला वायू जोराने बाहेर पडतो. एका सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर असा धक्का मिनिटाला २००० वेळा बसतो. हा वायू सरळ बाहेर सोडला, तर प्रत्येक धक्का फटाक्यासारखा वाजेल. सायलेन्सरच्या आत लहानमोठे कप्पे आणि भोकांची नळी असते. तिलाच मिस्त्री 'जाळी' म्हणतात. कप्प्यांतून फिरताना वायू पसरतो, त्याचा जोर कमी होतो आणि आवाज दबतो.

मोठ्या आवाजाने गाडी जास्त पळते, हा गैरसमज आहे. कारखान्यात इंजिन आणि सायलेन्सर यांचा मेळ घातलेला असतो. कार्बुरेटरच्या गाडीची जाळी काढली, की हवा व पेट्रोल यांचे प्रमाण बिघडू शकते आणि इंजिन जास्त तापते. नव्या गाड्यांच्या धूर जाण्याच्या मार्गात विषारी वायू कमी करणारे यंत्रही असते. सायलेन्सर बदलताना तेच काढून टाकले, तर हवा अधिक घाण होते.

तरीही सायलेन्सर कधीतरी बदलावा लागतो. जळणाऱ्या पेट्रोलमधून पाण्याची वाफ तयार होते. गाडी थोडीच चालवली, तर ती वाफ आत थंड होऊन साचते आणि सायलेन्सर आतून गंजतो. बदलताना एवढे लक्षात ठेवा : गाडी पूर्ण थंड होऊ द्या. त्याच मॉडेलचा, जाळी असलेला सायलेन्सर घ्या. बेंड पाईपच्या तोंडाशी नवे पॅकिंग बसवा. सगळे नट आधी हाताने लावा, मग दोन्ही बाजूंनी सारखे आवळा. जोडाजवळ काळा डाग पडला किंवा 'फट्‌फट्' असा आवाज आला, तर तेथून वायू निसटतो, असे समजा.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. दहा डेसिबल वाढले, म्हणजे आवाजाची ताकद दहापट झाली! २००० सालच्या नियमांनुसार शाळा व दवाखान्याभोवतीचे १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र 'शांतता क्षेत्र' ठरवता येते. तेथे दिवसाची मर्यादा ५० आणि रात्रीची ४० डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिने आवाजाचे नियम मोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर काढून रोडरोलरखाली चिरडले आहेत.

मी त्याच दिवशी गॅरेजमध्ये परत गेलो. मिस्त्रींनी काही न बोलता जाळी काढून दाखवली. ती त्यांनी जपून ठेवली होती. "मला माहीत होते, तू येशील," एवढेच ते म्हणाले.

मित्रांनो, उद्या तुम्हांलाही परवाना मिळेल, गाडी मिळेल. गाडी तुमची असेल, पण रस्ता सर्वांचा आहे. मूलच्या रस्त्याने कधी गेलात, तर झाडाखाली वाकलेल्या त्या बायांची आठवण ठेवा.

शब्दार्थ
राखणदार – रक्षण करणारा, पहारेकरी
इशारा – धोक्याची सूचना
गैरसमज – चुकीची समजूत
मेळ घालणे – एकमेकांशी जुळवणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) म्हातारीला कोणाची हाक ऐकू आली नाही?
(आ) सायलेन्सर आतून का गंजतो?
२. 'कान हेच त्याचे राखणदार' असे लेखकाने का म्हटले आहे?
३. तुमच्या मोठ्या भावाला गाडीची जाळी काढायची आहे. त्याला समजावणारे पत्र लिहा.