प्लीहेच्या धमनीचा फुगवटा आणि फसवा उतार

पोटात डाव्या बरगड्यांच्या आड असलेल्या प्लीहेला, म्हणजे बोलीतल्या पाणथरीला, रक्त पुरवणारी धमनी स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने नागमोडी जाते. तिच्या भिंतीचा एखादा भाग कमकुवत होऊन रक्ताच्या दाबाने फुगला, की त्यास धमनीविस्फार म्हणतात. उदरातील अवयवांना जाणाऱ्या धमन्यांपैकी हा विकार याच धमनीत सर्वाधिक आढळतो, आणि तोही पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये सुमारे चौपट. अनेक बाळंतपणे आणि यकृताकडे रक्त नेणाऱ्या मुख्य शिरेतील वाढलेला दाब ही त्याची ठळक कारणे होत. दारूमुळे वा पित्तखड्यांमुळे स्वादुपिंडाला सूज आली, तर त्यातील पाचकरस धमनीची भिंत कुरतडतात आणि खोटा विस्फार तयार होतो. तो स्वादुपिंडाच्या नलिकेत फुटला तर विष्ठा डांबरासारखी काळी होते.

बहुतेक विस्फार मुके असतात व दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत वा सीटी स्कॅनमध्ये सापडतात. अमेरिकेतील सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर सर्जरीच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार लक्षणे नसलेला विस्फार 3 सेंटिमीटरहून मोठा असल्यास उपचार करावा. मात्र गर्भधारणेच्या वयातील स्त्रीमध्ये, तसेच खोट्या विस्फारात, आकार कितीही लहान असला तरी उपचार टाळू नये. जांघेतून नळी सरकवून धातूच्या बारीक तारांच्या गुंडाळ्यांनी तो बंद करता येतो. प्लीहा काढावी लागल्यास न्यूमोकोकसविरोधी व इतर लसी अत्यावश्यक ठरतात.

गर्भवती स्त्रीत विस्फार फुटल्यास, प्रसिद्ध नोंदींनुसार, चारपैकी जवळजवळ तीन माता दगावतात आणि बाळ क्वचितच वाचते. काही रुग्णांत रक्त आधी जठरामागील बंदिस्त पोकळीत साचून थोपते, वेदना ओसरते, घरच्यांना बरे वाटल्याचा भास होतो आणि काही तासांनी वा दिवसांनी तेच रक्त उदरात मोकळे सुटते. परतूरसारख्या तालुक्याच्या गावाहून रक्तपेढी व धमनीवर उपचार करणारे तज्ज्ञ गाठण्यासाठी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर येथील घाटी रुग्णालयाची वाट धरावी लागते, म्हणून ही उसंत विश्रांतीची नसून प्रवासाची आहे. गर्भवतीला डाव्या कुशीत अचानक तीव्र कळ येऊन डावा खांदा दुखू लागला, घेरी आली वा अंग थंड पडले, तर कळ थांबली तरी पित्ताची गोळी देऊन थांबू नये. तात्काळ 108 वर दूरध्वनी करावा.