मनाची ओढ

जालना जिल्ह्यात जांब नावाचे गाव आहे. इ. स. १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म येथे झाला. त्यांनी मनालाच उद्देशून २०५ श्लोक रचले. मनाशी बोलावे कशासाठी? आपले मन कशाकडे ओढ घेते, हे आपल्याला पुष्कळदा ठाऊक नसते, म्हणून.

याच जिल्ह्यातील एका शाळेत मी मुख्याध्यापक होतो, तेव्हाची गोष्ट. मधल्या सुट्टीत मुले पुस्तकांच्या पेटीभोवती जमत. कोणी चित्रे पाही, कोणी आवडलेली गोष्ट सोबत्याला वाचून दाखवी. त्यांचा उत्साह वाढावा म्हणून मी जाहीर केले, “महिन्यात जो सर्वांत अधिक पुस्तके वाचील, त्याला शाईचे पेन मिळेल.” झाले! दुसऱ्याच दिवशी पातळ पुस्तके दिसेनाशी झाली. जाड पुस्तकांना कोणी हात लावीना. महिना संपला, पेन दिले गेले आणि पेटीभोवतीची गर्दी ओसरली. चूक मुलांची नव्हती, माझी होती.

पुढे एका प्रयोगाची माहिती माझ्या वाचनात आली. १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रे काढण्याची आवड असलेली लहान मुले निवडली. काहींना बक्षिसाचे आश्वासन आधीच दिले, काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक बक्षीस दिले, तर काहींना काहीच दिले नाही. नंतर पाहतात तो, बक्षिसाच्या आशेने चित्रे काढणारी मुले मोकळ्या वेळात इतरांहून कमी चित्रे काढू लागली होती. आनंदाचे काम बक्षिसाचे झाले. बक्षीस सरले, तशी ओढही सरली.

म्हणून बक्षीस वाईट, असे मात्र समजू नये. ज्या कामाची गोडी लागलेली नाही, तेथे त्याचा उपयोग होतो. लागलेली गोडी मात्र जपावी लागते.

पुढील वर्षी मी पेटीजवळ केवळ एक वही ठेवली. वाटेल त्याने आवडलेल्या पुस्तकाविषयी तीत लिहावे. कित्येक दिवस ती कोरीच होती. मग एके दिवशी एका मुलीने लिहिले, “हरवलेला कुत्रा शेवटी सापडतो. मला रडू आले.” त्या ओळीला बक्षीस नव्हते. पण दुपारी तेच पुस्तक मागायला तीन मुले आली.

मुलांनो, एखादे काम हाती घ्याल, तेव्हा आपल्या मनाला हळूच विचारा, “हे कोणी पाहत नसते, तरी मी केले असते काय?”

स्वाध्याय
१. पातळ पुस्तके दिसेनाशी का झाली?
२. मुख्याध्यापकांनी चूक स्वतःची का मानली?
३. बक्षिसाशिवाय तुम्ही आवडीने करता अशा एका कामाविषयी पाच ओळी लिहा.