टांगता दिवा : उंची, आच्छादन आणि आधार

दिवा वरून टांगण्याची कल्पना नवी नाही. समई जमिनीवर उभी असते. लामणदिवा मात्र पितळी साखळीने वरून सोडलेला असतो. साखळीमुळे ज्योत हवी तेवढी खाली आणता येते आणि दिव्याचा भारही तीच पेलते. आजच्या घरांतील टांगत्या विजेच्या दिव्यांची पारख करतानाही प्रथम उंची आणि आधार याच गोष्टी पाहाव्या लागतात.

उंचीचे महत्त्व गणिताने स्पष्ट होते. लहान दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. मेजापासून 2 मीटरवर असलेला दिवा 1 मीटरवर आणला, तर त्याखालील पुस्तकावर सुमारे चौपट प्रकाश पडतो. म्हणजेच अधिक वीज न वापरता मुलाच्या अभ्यासाची सोय होते.

परंतु दिवा खाली आला की तो डोळ्यांसमोरही येतो. डोळा तेजस्वी बिंदूशी जुळवून घेतो आणि शेजारचा कागद अंधुक भासतो. या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार डॅनिश वास्तुशिल्पी पॉल हेनिंगसेन (1894–1967) यांनी केला. 1926 च्या सुमारास त्यांनी तीन आच्छादनांचा दिवा सिद्ध केला. त्यांच्या वक्र पृष्ठांवरून परावर्तित झालेला प्रकाश सौम्यपणे खाली व बाजूंना पसरतो, आणि उघडा बल्ब दृष्टीस पडत नाही. या दिव्याचे सौंदर्य त्याच्या कार्यातूनच निर्माण झाले आहे.

एलईडीमुळे हे तत्त्व अधिकच महत्त्वाचे ठरले आहे. तिचा प्रकाश अगदी लहान पृष्ठातून निघतो, म्हणून उघडी एलईडी डोळ्यांना फार खुपते. उलट, ती जुन्या बल्बपेक्षा कमी तापत असल्यामुळे कागद, कापड व बांबू यांची आच्छादने करणे सुकर झाले आहे. मात्र तिच्या बुडाशी साठणारी उष्णता बाहेर पडण्यास वाट ठेवावी लागते.

आपल्याकडे छताच्या मध्यभागी बहुधा पंखा असतो. त्याच्या वाऱ्याने जवळचा दिवा झुलतो व सावल्या हलू लागतात. पात्यांच्या वर असलेल्या दिव्याचा प्रकाश तर सतत लुकलुकतो. म्हणून दिवा पंख्यापासून दूर, थेट मेजावर टांगावा. त्याचा भार साध्या वायरीवर न टाकता छतातील पक्क्या कडीवर व साखळीवर द्यावा. दिवा विकत घेण्यापूर्वी तो पेटवून, मेजाशी बसल्याप्रमाणे खालून पाहावा. बल्ब डोळ्यांत खुपत नसेल आणि समोरच्या माणसाचा चेहरा स्पष्ट दिसत असेल, तर तो दिवा घरासाठी योग्य समजावा.