रायतूरचे ग्रंथालय आणि हरवलेले पुराण

पुस्तके जपून ठेवण्याचे घर म्हणजे ग्रंथालय, अशी आपली साधी समजूत असते. ती चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. गोव्यातील रायतूर येथील जुन्या सेमिनरीचा इतिहास पाहिला म्हणजे हे चांगले ध्यानात येते. ज्या वास्तूत एक थोर मराठी काव्य छापले गेले, तेथे किंवा अन्यत्र कोठेही त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज सापडत नाही. आणि तरीही ते काव्य आपल्याला वाचावयास मिळते. हे कसे घडले, ते या लेखात पाहू.

सेमिनरी म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक तयार करणारे निवासी विद्यालय. युरोपात ट्रेंट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मप्रांतात अशी विद्यालये असावीत असा निर्णय केला. तेथील विद्यार्थ्यांना लॅटिन भाषा, तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करावा लागे. ग्रंथांवाचून हा अभ्यास अशक्य. म्हणून सेमिनरी तेथे ग्रंथालय, हे समीकरणच होऊन बसले. त्या काळी युरोपात बरोक नावाची शैली बहरास येत होती. भव्यता, सोनेरी मुलामा आणि वेलबुट्टीचे कोरीव काम ही तिची लक्षणे. पोर्तुगिजांबरोबर ती गोव्यातही आली.

रायतूर हे साष्टी तालुक्यातील, जुवारी नदीच्या काठचे गाव. पोर्तुगीज त्यास राशोल म्हणत. तेथील किल्ल्याच्या आश्रयाने जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी आपले विद्यालय वसविले. सध्याच्या वास्तूचा पाया १६०६ साली घातला गेला. शुभ्र दर्शनी भाग असलेले चर्च, त्यातील सोनेरी वेदी, मोठे चौक आणि जाड भिंती यांनी ही वास्तू आजही ओळखता येते. योगायोग असा, की त्याच १६०६ साली गोव्याच्या प्रांतिक धर्मपरिषदेने गावोगावच्या पाद्र्यांना लोकांची भाषा आलीच पाहिजे असे ठरविले. त्यामुळे परकी धर्मोपदेशकांना येथील भाषांचे विद्यार्थी व्हावे लागले.

या विद्यार्थ्यांत अग्रगण्य होते फादर थॉमस स्टीफन्स. हे मूळचे इंग्लंडचे. १५७९ साली ते गोव्यास आले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टीतच गेले. त्यांनी मराठी ओवीत जे ‘ख्रिस्तपुराण’ रचिले, त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. अक्षरे मात्र रोमन होती. स्टीफन्सना देवनागरी खिळे हवे होते. १६०८ च्या एका पत्रात त्यांनी ती इच्छा व्यक्तही केली होती. परंतु आपल्या लिपीतील जोडाक्षरे आणि काना-मात्रा ध्यानात घेतल्या, तर शेकडो निरनिराळे खिळे ओतावे लागले असते. ते काम तडीस गेले नाही. त्यांचे कोकणीचे व्याकरणही त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूर येथेच छापण्यात आले.

या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाच्या विद्यार्थ्यास शोभणार नाही. याच सोळाव्या शतकात गोव्यातील देवालये पाडली गेली आणि देशी भाषांतील धर्मग्रंथ जप्त केले गेले, जाळलेही गेले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असे फर्मान काढले. मात्र याच काळात काही जेझुइटांनी रामायण-महाभारतातील कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या होत्या. त्या हस्तलिखितांपैकी काही पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात सुरक्षित आहेत. एका हाताने जाळावे आणि दुसऱ्या हाताने लिहून ठेवावे, असा तो विचित्र काळ होता.

ख्रिस्तपुराणाच्या १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत ज्ञात नाही. दमट हवा आणि वाळवी हे कागदाचे शत्रू; पण त्यांहून मोठा शत्रू म्हणजे उपेक्षा. गोव्यातील छपाई १६७४ नंतर बंद पडली, ती थेट १८२१ साली पुन्हा सुरू झाली. १७५९ साली जेझुइटांना गोव्यातून घालविण्यात आले. रायतूरचे विद्यालय पुढे धर्मप्रांताच्या ताब्यात गेले. १८३५ साली इतर पंथांचे मठही बंद झाले. लॅटिन आणि पोर्तुगीज धर्मग्रंथांचा संग्रह रायतूरने राखला. सेमिनरी आजही चालू आहे. परंतु तेथेच छापलेले मराठी पुराण हरपले.

मग ते वाचले कसे? श्रद्धाळू कुटुंबांनी ते हाताने नकलून घेतले होते. गोवा सोडून दक्षिणेस कानडी मुलखात गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी अशा पोथ्या जपल्या. तेथील हस्तलिखिते ताडून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ख्रिस्तपुराण पुन्हा छापले. लंडनमध्ये, मार्सडेन यांच्या संग्रहात, त्याची देवनागरी हस्तलिखितेही आढळली. शेवटी १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते पुणे येथे देवनागरीत प्रसिद्ध केले. स्टीफन्सची इच्छा अशा रीतीने साडेतीन शतकांनी पुरी झाली! त्यांच्या व्याकरणाचे भाग्य किंचित बरे. पोर्तुगालमधील एव्होरा येथील ग्रंथपाल कुन्य रिव्हार हे गोव्यात सरकारी अधिकारी म्हणून आले, आणि १८५७ साली त्यांनी ते पुन्हा छापून घेतले.

हे सर्व आम्हा ग्वाल्हेरकरांना दूरचे वाटेल. पण तसे नाही. स्टीफन्स गोव्यास पोचले त्याच वर्षी तेथून फादर आक्वाव्हिवा आणि फादर मोन्सेरात हे अकबराच्या भेटीस निघाले, आणि १५८० साली फत्तेपूर सीक्रीला जाताना ग्वाल्हेरवरून गेले. येथील कातळात कोरलेल्या मूर्तींचे वर्णन मोन्सेरात यांनी आपल्या लॅटिन वृत्तांतात केले आहे. तो वृत्तांतही तीन शतके अज्ञातच होता. १९०६ साली कलकत्त्यातील एका चर्चच्या ग्रंथसंग्रहात तो सापडला. ज्या ग्रंथाची नोंद नाही, तो कपाटात असूनही हरवलेलाच असतो.

यातून एक बोध घ्यावासा वाटतो. ग्रंथ टिकतो तो कपाटाच्या कोरीव कामाने नव्हे. कोणीतरी तो वाचतो, नकलतो आणि त्याची नोंद ठेवतो म्हणून टिकतो. शिंदेशाहीबरोबर या नगरात आलेल्या मराठी घराण्यांत जुन्या पोथ्या, मोडी कागद आणि देवघरातील हस्तलिखिते अजूनही असू शकतील. आम्हा विद्यार्थ्यांना ती सारी वाचता येणार नाहीत. परंतु घरी कोणत्या पोथ्या आहेत हे वडीलधाऱ्यांना विचारून त्यांची यादी करणे आम्हाला नक्कीच जमेल. शाळेच्या ग्रंथालयात अशी एक वही ठेवली, तर पुढच्या अभ्यासकाला कोणत्या घराचे दार ठोठवावे, एवढे तरी कळेल.